कंपन्यांच्या पंचांगात दरवर्षी अधिक महिना

मा. संपादक,

स.न.वि.वि.

परवा पेपरात रिचार्ज पुन्हा महागणार अशी बातमी वाचली आणि दुपारी जेवणं आवरल्यावर हिशेबाची डायरी घेऊन बसले. मी काही टेलिकॉममधली जाणकार वगैरे नाही, सांगलीत राहते, पाच माणसांचं घर चालवते, दूध पेपर गॅस भाजी इस्त्री सगळं डायरीत लिहायची सवय सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या लावलेली. पण गंमत म्हणजे मोबाईलचं रिचार्ज त्या डायरीत कधी आलंच नाही. ते ज्याचं त्याने आपापल्या फोनवरून मारायचं, 199 गेले, 299 गेले, कोणाला पत्ता नाही. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, इथे मात्र गप्प.

तर मांडलं एकदाचं. माझं 299, ह्यांचं 299, मुलगी बारावीला आहे तिचं 299, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर त्याचं 349, आणि सासूबाईंच्या बटणांच्या फोनचं 199. बेरीज 1445. त्याला बाराने गुणलं, 17,340 आले, ते बघूनच मी पाणी प्यायले तर मागून मुलगी म्हणते, आई बाराने नाही तेराने गुण, रिचार्ज 28 दिवसांचं असतं. तेराने गुणलं तर 18,785. म्हणजे वर्षाकाठी एक अख्खा महिना आम्ही जास्तीचा भरतोय आणि तो कॅलेंडरवर कुठेच नाही.

आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, 2023 ला अधिक श्रावण आला होता, तेव्हा जावयाला बोलावून अनारशांचं वाण दिलं की सुटलो. ह्या कंपन्यांच्या पंचांगात अधिक महिना दरवर्षी येतो आणि वाण दरवर्षी द्यावं लागतं, तेही चार-पाच जावयांना! ट्रायने, म्हणजे ह्या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2022 ला नियम केला होता की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी प्लॅन पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायचा. तसे प्लॅन आहेत हो, नाही असं नाही, पण ॲप उघडल्यावर समोर येतात ते 28 चेच, तिसाचा शोधायचा म्हणजे अंगठा दुखेपर्यंत खाली खाली जायचं.

आता वर्षाचं रिचार्ज एकदम मारायचं का, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं चाललाय. ह्यांचं म्हणणं एवढे पैसे आधी कंपनीकडे कशाला अडकवायचे, आणि माझंही तसंच होतं. पण जुलै 2024 आठवा. जूनच्या शेवटी बातमी आली आणि 3 जुलैपासून जिओ आणि एअरटेलचे दर वाढले, दुसऱ्या दिवशी व्होडाफोन आयडियाचे. जिओचा 239 चा प्लॅन 299 झाला, एअरटेलचा 265 चा 299, वर्षाचा 2999 चा 3599. ह्यांच्या दुकानाशेजारच्या एका गृहस्थांनी मधल्या त्या चार-पाच दिवसांत घरातल्या चारही नंबरांना वर्षाचं मारून टाकलं, ते पुढचं पूर्ण वर्ष जुन्याच दरात बोलत होते आणि येताजाता ह्यांना चिडवत होते. म्हणजे वर्षाच्या प्लॅनमध्ये पैसे वाचतात ते वाचतात, पण खरा फायदा हा की मध्ये दर वाढले तरी तुमचा प्लॅन संपेपर्यंत तुम्हाला झळ नाही. हे ॲपवर कुठे लिहिलेलं नसतं.

पण ह्यावरून सगळ्यांनी उठून सगळ्या घराला 3599 मारा असं मी म्हणत नाहीये, उलट माझा मुद्दाच तो आहे की घरातल्या प्रत्येक नंबराचं काम वेगळं असतं आणि आपण सगळ्यांना एकच माप लावतो. सासूबाईंचा फोन बघा. बटणांचा, पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं, पाच आणि शून्याचे आकडे पार पुसलेले, तो त्या कापडी बटव्यात ठेवतात आणि वाजला की आधी बटव्याची नाडी सोडेपर्यंत कॉल कट. दिवसाला तीन फोन, नणंदबाईंचा, त्यांच्या बहिणीचा आणि एक कर्ज पाहिजे का विचारणाऱ्याचा. त्या फोनला आम्ही 28 दिवसांना 199 देत होतो आणि त्यात 2 जीबी नेट मिळत होतं. नेट! त्या फोनवर नेट उघडतच नाही. ते नेट महिन्याच्या महिन्याला कुठे जात होतं देव जाणे.

ह्यावर ट्रायने डिसेंबर 2024 ला चांगला नियम केला होता, की ज्यांना फक्त बोलायचंय आणि मेसेज पाहिजेत त्यांच्यासाठी नेट नसलेले वेगळे प्लॅन काढा, आणि असल्या पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त 90 दिवस असायची ती 365 पर्यंत करा. मला वाटलं आता सासूबाईंचं काम शे-सव्वाशेत भागणार. जानेवारी 2025 ला प्लॅन आले. एअरटेलचा आधी 1999 ला वर्षभर कॉल आणि 24 जीबी नेट होतं, त्यातलं नेट काढलं आणि किंमत ठेवली 1959. चाळीस रुपये कमी. म्हणजे शंभराच्या थाळीत आमरस नको म्हटलं तर हॉटेलवाल्याने दोन रुपये परत द्यावेत तसं. लोकांनी बोंब मारली, ट्रायही म्हणाली आम्ही तपासतो, मग ते 1849 वर आले. जिओने 336 दिवसांचा बिननेटचा 1748 ला केला, आणि त्यांचाच तेवढ्याच दिवसांचा 24 जीबीवाला 1899 ला होता, म्हणजे 24 जीबीची किंमत फक्त 151 रुपये? मग आपण एरवी नेटच्या नावाने एवढे पैसे भरतो ते कशाचे, हे मला कोणीतरी समजावून सांगा. (हे आकडे मी बघितले तेव्हाचे आहेत, उद्या बदलले तर मला बोल लावू नका, कंपन्यांचे प्लॅन आणि सांगलीतला पाऊस, सांगता येत नाही.)

तरीपण हिशेब केला तर बिननेटचा वर्षाचा प्लॅन सासूबाईंसाठी परवडतोच. 199 तेरा वेळा म्हणजे 2587, त्याऐवजी 1849. शिवाय दर 28 दिवसांनी "अगं माझा फोन लागंना" हे ऐकायचं वाचलं त्याची किंमत वेगळी.

मग बाकीचे. आमच्या घरात 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी केबलवाल्याकडून वायफाय घेतलं ते तसंच चालू आहे, महिन्याला साडेचारशेच्या आसपास जातात. आणि मी, मुलगी, दोघी बऱ्याचदा घरात. फोन सगळा वायफायवर. तरी फोनवर रोजचं नेट वेगळं विकत घेतलेलं, जे रात्री बाराला वाया जातं. घरात पाण्याचं कनेक्शन असताना रोज टँकर मागवून गटारात सोडायचा, असला कारभार पाच वर्षं चालला होता आणि डायरी माझ्या हातात होती! ह्यांचं दुकान स्टेशन रोडला, तिथे नेट लागतं ते यूपीआयचे पैसे आले का बघायला आणि दुपारी व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवायला. म्हणून आम्ही तिघांना एअरटेलचा 2249 चा केला, वर्षभर कॉल आणि वर्षाला मिळून 30 जीबी. रोजचं काही नाही, एकदम 30, पुरवून वापरायचं. मुलीने आधी नाक मुरडलं, पण बारावीचं वर्ष आहे, मला तर बरंच वाटलं.

मुलाला मात्र 3599 चाच. हॉस्टेलचं वायफाय रात्री दहानंतर मान टाकतं असं तो म्हणतो, खरं खोटं त्याला ठाऊक. जिओचा 349 चा 28 दिवसांचा तेरा वेळा मारला तर 4537 होतात, आणि वर्षाचा 3599 ला, त्यात नेट रोजचं दोनऐवजी अडीच जीबी. सरळ 938 रुपये वाचतात. आणि हो, तो मधेमधे मॅच असली की 19-19 रुपयांचे जास्तीचे जीबी घ्यायचा, ते माझ्या बेरजेत धरलेच नाहीत, त्याच्या बापाच्या यूपीआयमधून गेलेत.

सगळं मिळून 1849, तीन वेळा 2249 आणि 3599, बेरीज 12,195. आधीचे 18,785. वर्षाला 6590 रुपये. वायफाय नसतं तर हा हिशेब जमला नसता हे प्रामाणिकपणे सांगते, नुसतं रिचार्ज कमी करायला म्हणून नवीन वायफाय घेतलं तर हातात फारसं काही उरत नाही, ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठीच हे आहे.

फॅमिली पोस्टपेडचंही बघितलं होतं, लोक विचारतात म्हणून लिहिते. जिओचा 449 चा आहे, त्याला दर जास्तीच्या नंबराला 150, असे तीन जोडता येतात. जाहिरातीत दिसायला चारजणांना 899. पण प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो आणि पोस्टपेडमध्ये तो वरून लागतो, 18 टक्के, म्हणजे 1060 च्या वर. माणशी महिना 265, वर्षाला चौघांचे बारा हजार सातशेच्या पुढे. आणि नेट सगळ्यांचं मिळून एकाच हंड्यात. आमच्याकडे तो हंडा पुण्याच्या माणसाने पाच तारखेलाच पालथा घातला असता. ज्यांच्या घरात सगळे समजूतदार आहेत आणि दर महिन्याला एकच बिल भरायचंय त्यांनी जरूर घ्यावं.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली ती इतरांची होऊ नये. मुलाला पहिल्या वर्षी हॉस्टेलला सोडायला गेलो त्याच दिवशी स्टँडजवळच्या दुकानात एका कंपनीचं नवीन कार्ड घेऊन वर्षाचं रिचार्ज मारून दिलं, मोठ्या हौसेने. रूमवर गेला तर रेंज नाही. जिन्यात उभं राहिलं तर दोन काड्या. कस्टमर केअरवाले रोज म्हणायचे 48 तासांत होईल. शेवटी पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरवलं तर कळलं की 90 दिवस त्या कंपनीत काढल्याशिवाय नंबर हलवता येत नाही, आणि हलवला की उरलेल्या रिचार्जवर पाणी, ते काही नव्या कंपनीत बरोबर येत नाही. तीन महिने पोरगं जिन्यात उभं राहून आईशी बोलत होतं. तेव्हा वर्षाचं मारण्याआधी 28 दिवसांचं मारून बघा, घरात, स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात, दुकानात, गावाकडच्या ओसरीवर, जिथे तो माणूस खरंच असतो तिथे. पोर्टचं काम सोपं आहे, PORT लिहायचं (नाही लिहिता आलं तर मुलांना सांगा), पुढे आपला नंबर आणि तो मेसेज 1900 ला पाठवायचा, कोड येतो तो आपल्याकडे चार दिवस चालतो. आणि कार्ड कोणाच्या नावावर आहे ते आधी बघून ठेवा. सासूबाईंचं कार्ड मामंजींच्या नावावर निघालं, ते जाऊन सहा वर्षं झाली, त्यासाठी जे हेलपाटे झाले ते लिहायला दुसरं पत्र लागेल.

इथपर्यंत माझ्या घरचं झालं. खरं पत्र मी लिहायला घेतलं ते जाऊबाईंमुळे.

माझ्या धाकट्या जाऊबाई तासगाव तालुक्यात गावाकडे असतात, द्राक्षबागेत टोळीबरोबर रोजगाराला जातात. छाटणी, विरळणी, जसं काम निघेल तसं, आणि काम नसेल तेव्हा काहीच नाही. सप्टेंबर 2025 पासून लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायचं काम सुरू झालं, त्यात आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, बाईचा झाला की नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही लागतो. जाऊबाईंचं रिचार्ज संपून महिना झालेला. त्यांचं म्हणणं, फोन येत नाही तर न येऊ दे, गावात सगळी हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी सेवा केंद्रात रांगेत उभ्या राहिल्या, अंधार पडला, नंबर आला आणि ओटीपी येईना. तिथून कोणाच्यातरी फोनवरून मला फोन, "आक्का, त्यो ओटीपी येईना की वो, काय करू?" मी इथून 199 मारले तेव्हा आला. मग भावजींचा, त्यांचाही बंद! परत 199. पंधराशे रुपये महिना चालू राहावा म्हणून एका संध्याकाळी 398 रुपये.

आणि आता हा हिशेब बघा. मी वर्षाचे 1849 एकदम भरू शकते म्हणून सासूबाईंचा फोन मला दिवसाला पाच रुपये सात पैशांना पडतो. जाऊबाई एकदम भरू शकत नाहीत, त्या 28 दिवसांचे 199 मारतात, त्यांना तोच दिवस सात रुपये अकरा पैशांना पडतो. दोघींचं काम तेच, चार फोन आणि एक ओटीपी. ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याकडून दिवसाला दोन रुपये जास्त. बरं, बिननेटचा महिन्याचा स्वस्त प्लॅन असता तर प्रश्नच नव्हता, पण जिओ-एअरटेलच्या बिननेटच्या यादीत मला दिसले ते 84 दिवसांचे, साडेचारशेच्या आसपासचे, आणि त्याच्यावर एकदम वर्षाचे. ट्रायने मुदत वाढवून दिली ती कंपन्यांनी आनंदाने घेतली, पण रोजंदारीवरच्या बाईला परवडेल असं लहान पाकीट काढायचं कोणाला सुचलं नाही. शांपूची एक रुपयाची पुडी खेड्यातल्या टपरीवर मिळते की हो!

म्हणून आम्ही भिशी काढली. हसू नका. टोळीतल्या दहा जणी, महिन्याला प्रत्येकी 185 रुपये, होतात 1850. ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिच्या नंबराला 1849 चं वर्षाचं रिचार्ज आणि उरलेला एक रुपया देवीपुढे. पैसे कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, सगळ्यांसमोर दुकानात जाऊन रिचार्जच मारायचं, म्हणजे ते नवऱ्याच्या खिशात जात नाहीत, ही अट जाऊबाईंनीच घातली. दुकानदार आधी म्हणाला वहिनी तुम्ही पतसंस्थाच काढा. पहिल्या महिन्यात एकीने विचारलं की चिठ्ठी शेवटी निघाली तर मी दहा महिने काय करू, प्रश्न बरोबर होता, मग ठरलं की ज्यांचं रिचार्ज आधी संपतंय त्यांना आधी, चिठ्ठी फक्त उरलेल्यांची. ज्यांच्या घरात शाळेचं पोर आहे आणि थोडं नेट लागतं त्या दोघींनी सांगितलंय की आमची पाळी आली की वरचे 400 आम्ही घालू आणि 2249 चं मारू.

आता संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं. पहिल्या पानावर अख्ख्या पानाची जाहिरात येते, त्यात अनलिमिटेड हा शब्द कलिंगडाएवढा आणि 28 दिवस हे मुंगीएवढ्या अक्षरात. जाहिरात छापू नका असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही कागदाचे पैसे द्यावे लागत असतील. पण जसे तुम्ही सोन्याचे दर छापता, बेदाण्याचे आणि हळदीचे सौदे छापता, तसा महिन्यातून एकदा एका कोपऱ्यात चार कंपन्यांचा दिवसाचा दर छापा ना. किंमत भागिले दिवस, एवढंच. सौद्यात हळद क्विंटलवर बोलतात म्हणून शेतकऱ्याला कुठल्या पेठेत काय मिळालं ते लगेच कळतं, तसं रिचार्ज दिवसावर बोलायला लागलं की आम्हा बायकांना प्लॅन निवडायला कोणाची गरज लागणार नाही. बीएसएनएलचाही छापा, त्यांचे दर कमी असतात, आता त्यांचं 4जी पण आलंय, गावाकडे जिथे रेंज आहे तिथे लोक पुन्हा वळतायत. आणि ट्रायकडे कोणी जाणकार वाचक पत्र लिहिणार असतील तर त्यात बिननेटच्या 30 दिवसांच्या स्वस्त पॅकचं जरूर लिहा, माझी सही त्याच्यावर धरा.

आपली,
एक वाचक, सांगली

ता.क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी जाऊबाईंचा फोन आला होता, ह्या महिन्याची चिठ्ठी त्यांच्याच नावाची निघाली. आधी माझंच रिचार्ज झालं म्हणून सांगायला केला होता, मग अनलिमिटेड आहे म्हटल्यावर पाऊण तास बोलल्या.